छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी झटका झेपेल अशी काडतुसं कोणती?

रानमोगरा (राजापूर तालुका)
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

आमची कलमांची बाग गावापासून बरीच आत आहे. हंगामात गड्यांच्या मजुरीची रोकड बँकेतून आणावी लागते आणि बागेतल्या घरात मी बहुतेक वेळ एकटीच असते. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वारसाहक्काच्या नियमाने माझ्या नावावर झालं. परवाना, प्रशिक्षणाचा दाखला, कपाट, सगळं रीतसर आहे. रिव्हॉल्व्हर कानपूरचं, जुन्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं.

अडचण अशी की माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरलेला आहे. दोन-चार गोळ्या झाल्या की कळ येते आणि मग नेम खाली जातो. दुकानदार म्हणाला, हे देऊन टाका आणि हलकं टायटॅनियमचं छोटं मॉडेल घ्या, बायकांना तेच बरं पडतं. ते पर्समध्ये मावेल हे खरं. पण त्यात झटका कमी बसेल का? काडतुसांमध्ये काही सौम्य प्रकार मिळतो का? जवळ बाळगायला तुम्ही कोणती वापरता?

हापूसवाला
मी पहिला! ताई, रोकड आणायला मला न्या. माझ्या घोरण्याने चोर पळतात असं आमच्या घरचं मत आहे.

दर्याकिनारी (गुहागर)
रानमोगरा, दुकानदाराचा सल्ला ऐकू नका. माझी नौदलात हत्यारं हाताळण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो. हलकं हत्यार खिशाला हलकं असतं, हाताला नाही. काडतूस तेच आणि रिव्हॉल्व्हर हलकं, म्हणजे झटका वाढणार. दुसरी गोष्ट, बत्तीस बोअरचं काडतूस मुळातच सौम्य आहे. आपल्याकडे बहुतेक मिळतं ते खडकीच्या कारखान्याचं, बुडाशी 'केएफ' असा शिक्का असलेलं, गोल नाकाच्या शिशाच्या गोळीचं. त्यात 'सौम्य' आणि 'जोरदार' अशा जाती नाहीत. तुमचा प्रश्न काडतुसाचा कमी आणि मुठीचा जास्त वाटतो. मूठ मूळची लाकडी, गुळगुळीत आहे का?

रानमोगरा
हो काका, लाकडी आणि बारीक. माझा हात मोठा आहे, करंगळी खाली लोंबकळतेच.

दर्याकिनारी
मग रोग सापडला. करंगळीला आधार नसला की झटका सगळा अंगठ्याच्या बेचक्यात येतो.

भौतिकमास्तर (मालवण)
काका म्हणतात ते आकड्यांत मांडतो, दहावीच्या गणिताबाहेर काही नाही.

बत्तीस बोअरच्या या काडतुसातली गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.३ ग्रॅम. वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास धरा. गोळी पुढे जितका संवेग घेऊन जाते, तितकाच रिव्हॉल्व्हर मागे घेतं. दारूच्या वायूचा वाटा सोडून दिला, तर ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे १.८ मीटर वेगाने मागे येईल आणि ५०० ग्रॅमचं सुमारे २.५ मीटरने. हातावर येणारी ऊर्जा पहिल्यात साधारण १.१ ज्यूल, दुसऱ्यात १.६. म्हणजे वजन २०० ग्रॅमने उतरवलं की झटका जवळजवळ दीडपट. ताईंनी हलकं मॉडेल घेतलं तर अंगठा आणखी दुखणार, हे गणितच सांगतं.

तरीही दोन्ही आकडे लहान आहेत. दुखण्यात सांध्याचा आणि चाप ओढण्याच्या जोराचाही वाटा असणार. घोडा न चढवता नुसता चाप ओढून गोळी झाडायची तर बोटाला बराच जोर लावावा लागतो.

नेमबाज_दापोली
मास्तरांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी २५ मीटर सेंटर फायर हा पिस्तुलाचा स्पर्धाप्रकार खेळतो. त्या प्रकारात आम्ही बत्तीसच वापरतो, आणि ते त्याचा झटका सौम्य म्हणूनच. आमची काडतुसं 'वॉडकटर' म्हणतात तशी असतात. गोळीला नाक नसतं, ती काडतुसाच्या तोंडाशी सपाट बसलेली असते आणि कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडते. हाताला अगदी गोड लागतात.

पण ताई, ती तुम्हाला मिळायची नाहीत. खेळाडूच्या परवान्यावर आलेली काडतुसं दुसऱ्याला देणं गुन्हा आहे. कोणी 'देतो हळूच' म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

नवे लोक झटका झटका म्हणतात त्यातला अर्धा आवाज असतो. आखूड नळीतून आवाज आणि जाळ दोन्ही जास्त येतात, डोळे मिटतात, मनगट आधीच खाली झुकतं. 'नेम खाली जातो' असं तुम्ही लिहिलंत ना, ते झटक्याने होत नाही. झटक्याने नळी वर जाते. खाली जातो तो धसक्याने. कानात बोळे आणि वरून कानझाकण असं दोन्ही घालून झाडून पाहा, फरक लगेच कळेल.

तात्यांचोनातू (कुडाळ)
आमच्या आज्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाची. तिचो धक्को खाल्लो तर दोन दिवस खांदो दुखता. तुमचा रिव्हॉल्व्हर म्हणजे पोरखेळ गो बाय! पण एक सांगतंय, रानडुकर इलो म्हणून रिव्हॉल्व्हर काढू नको. बत्तीसच्या गोळयेन डुकर मराचो नाय, उलट चवताळतलो. आणि वनखात्याचा लफडा वेगळाच.

हापूसवाला
+१. डुकराला कायदाही ठाऊक नसतो आणि बोअरही.

परदेशी_चिपळूणकर (ह्यूस्टन)
इकडचं चित्र सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. इथे छोट्या रिव्हॉल्व्हरचं मुख्य काडतूस म्हणजे .३८ स्पेशल, बत्तीसपेक्षा जाड गोळीचं. ४२५ ग्रॅमच्या आसपासचं अ‍ॅल्युमिनियमचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर लोक खिशात ठेवतात, त्यात उत्साहाने '+पी' म्हणजे जास्त दाबाची काडतुसं भरतात, एकदा झाडून पाहतात आणि सराव कायमचा सोडतात. मास्तर, तुमच्या पद्धतीने १५८ ग्रेनच्या साध्या .३८ चा हिशेब कराल का?

इथली जाणती मंडळी हल्ली नेमकं उलट सांगतात. १४८ ग्रेनचं सपाट वॉडकटर, सावकाश वेगाचं, मुळात कागदी निशाणासाठी केलेलं, तेच छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाळगा. कारण पोकळ नाकाची गोळी लागल्यावर फुलून रुंद व्हावी अशी केलेली असते, पण आखूड नळीतून तिला तेवढा वेग पुष्कळदा मिळतच नाही. मग झटका सोसूनही हाती काही लागत नाही. सपाट गोळी फुलत नाही, पण पुरेशी खोल आणि सरळ जाते. त्यांची एकच अडचण, नाक नसल्याने घाईत चेंबरमध्ये, म्हणजे चक्राच्या भोकांत, पटकन शिरत नाहीत. म्हणून काही जण रिव्हॉल्व्हरमध्ये सपाट भरतात आणि जादाची म्हणून गोल नाकाची ठेवतात.

आणि बत्तीसला कमी लेखू नका. तुमचं काडतूस १८९६ सालचं. त्याच साली थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते आणि त्यांनी आपल्या शिपायांना बत्तीसचीच रिव्हॉल्व्हरं दिली. आता इथे पुन्हा बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरांकडे लोक वळतायत, विशेषतः हाताचे सांधे दुखणारे. सहा गोळ्या मावतात आणि हात शाबूत राहतो.

भौतिकमास्तर
केला हिशेब. १०.२ ग्रॅमची गोळी, सेकंदाला २३० मीटर, रिव्हॉल्व्हर ४२५ ग्रॅम. मागे येण्याचा वेग सुमारे ५.५ मीटर, ऊर्जा साधारण साडेसहा ज्यूल. म्हणजे आपल्या हलक्या बत्तीसच्या चौपट. आणि हे साधं काडतूस, जास्त दाबाचं नव्हे.

मुक्ता_अ
माफ करा, पण मला हा सगळा धागाच खटकतोय. रोकड बाळगायची म्हणून रिव्हॉल्व्हर? मजुरी खात्यात जमा करा, ऑनलाइन द्या. हत्यार घरात असलं की रागाच्या भरात, दारूच्या नशेत, मुलांच्या हाती जाऊन काय काय होतं ते आपण पेपरात वाचतो. ताई, तुमच्यावर राग नाही. पण झटका किती हा प्रश्न दुसरा, आधी हत्यार हवं का हा पहिला.

रानमोगरा
मुक्ता, राग नाही आला. निम्म्याहून जास्त मजुरी आता खात्यातच जाते. पण हंगामी गड्यांतल्या पुष्कळांना आठवड्याची रोख हवी असते आणि आमच्या वाडीत मोबाइलची रेंज जाते-येते. घरात लहान मूल नाही, कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असते. हे ओझं आहे हे मी जाणते. म्हणूनच जे बाळगायचं ते नीट यावं असं वाटतं.

वकीलबाई_अलिबाग
मुक्ताचा मुद्दा मी कायद्याच्या बाजूने पुढे नेते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. संकट टाळण्यापुरतंच बळ, त्याहून जास्त नाही, हे त्याचं सूत्र. बॅग हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडलीत तर बचाव फार अवघड होईल. आणि सरावासाठी म्हणून बागेत झाडाला निशाण लावू नका. सराव नेमबाजीच्या मान्यताप्राप्त रेंजवरच.

काडतुसांबद्दलही एक. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेलं असतं. खरेदीची नोंद करून घ्या, पावत्या जपा. सरावात वापरलेल्यांचा हिशेब रेंजकडून लेखी घ्या.

तात्यांचोनातू
ताई, आमच्याकडे जुनी काडतुसां आसत. काकाच्या कपाटातली, लय वर्सांची. ती झाडली तर आवाज पण बारीक आणि झटको पण कमी. असली मुद्दाम जुनी वापरली तर?

दर्याकिनारी
नातू, थांब. हे हसण्यावारी नेऊ नकोस, जिवाशी खेळ आहे.

आवाज बारीक आला याचा अर्थ काडतूस सौम्य आहे असा नाही, ते मेलंय असा आहे. दमट हवेने दारू किंवा तिला पेटवणारी बुडाची टोपी खराब झाली की कधी दारू पुरती पेटत नाही. गोळी जेमतेम नळीत शिरते आणि तिथेच अडकते. माणसाला वाटतं गेली. तो दुसऱ्यांदा चाप ओढतो आणि मागची गोळी पुढच्या अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. अशी फुगलेली नळी मी हातात घेऊन पाहिली आहे. मधोमध बोटाला लागेल असा उंचवटा, आणि आत डोळा लावला तर प्रकाशात काळं कडं दिसत होतं. झाडणाऱ्याचा हात वाचला हे त्याचं नशीब.

तेव्हा 'फुस्स' झालं की तिथेच थांबायचं. नळी निशाणाकडेच ठेवायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग रिकामं करायचं आणि नळीत आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. टोपीवर घाव बसला पण काहीच वाजलं नाही, तरी रेंजवर निदान अर्धा मिनिट नळी समोरच धरा, काडतूस उशिराही पेटू शकतं. तुझ्या काकांची ती काडतुसं झाडू नकोस, आणि कचऱ्यात किंवा खाडीतही टाकू नकोस. परवाना कोणाच्या नावे आहे ते बघून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात रीतसर जमा कर.

तात्यांचोनातू
समाजला काका. उद्याच काकाक घेऊन ठाण्यात जातंय.

रानमोगरा
काका, हे वाचून मी आत्ता कपाट उघडून पाहिलं. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांवर पितळेला हिरवा थर आलाय. डब्यातली मात्र स्वच्छ आहेत.

दर्याकिनारी
चामड्याचाच दोष. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि आपली खारी हवा, दोन्ही पितळेला खातात. पट्टा, कव्हर हे नेण्यापुरतं, साठवायला नाही. हिरवी झालेली बाजूला काढा, घासून पुन्हा वापरात घेऊ नका.

कोकणात माझी पद्धत अशी. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि त्या पुड्या मिरगाच्या आधी बदलायच्या. काडतुसाला तेल कधीही लावायचं नाही. लोक गंज येऊ नये म्हणून लावतात आणि तेच तेल टोपीच्या फटीतून आत झिरपून काडतूस मारतं. रिव्हॉल्व्हरला तेल लावा, पण चेंबर कोरडी पुसून मगच भरा. बाळगण्याची काडतुसं पावसाळा संपला की सरावात संपवायची आणि नव्या डब्यातली भरायची.

नेमबाज_दापोली
काकांच्या यादीला जोडून एक. दुकानात नुसतं 'बत्तीस द्या' म्हणू नका. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं वेगळं. दोन्ही बहुतेक खडकीचीच असतात, डबेही सारखेच वाटतात. पिस्तुलाचं आखूड असतं आणि बुडाची कड जेमतेम बाहेर येते. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि कड ठसठशीत. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत शिरतंसुद्धा, पण त्याचा दाब जास्त असतो. जुन्या मोडून उघडणाऱ्या घडणीत ते मुळीच भरू नये. परवान्यावरचे शब्द आणि डब्यावरचे शब्द जुळवूनच घ्या.

परदेशी_चिपळूणकर
फारच कामाची माहिती. हलक्या रिव्हॉल्व्हरबद्दल आणखी एक धोका राहिला होता. झटका जोराचा असला की चेंबरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात, कारण रिव्हॉल्व्हर मागे येतं आणि गोळी जडत्वाने जागेवर राहते. गोळी फार पुढे आली तर चक्र अडकतं. तपासायची रीत सोपी आहे. पूर्ण भरा, एक सोडून बाकी सगळी झाडा, आणि उरलेल्या काडतुसाची लांबी नव्याशी ताडून पाहा. बत्तीसला हा त्रास सहसा होत नाही, पण नवं हलकं मॉडेल घेणाऱ्याने एकदा पाहून घ्यावं.

हापूसवाला
म्हणजे निष्कर्ष असा की सौम्य काडतूस शोधायला निघालेल्या ताईंकडे ते आधीपासूनच होतं! चला, या आनंदात आमच्याकडून देवगडची एक पेटी. (पैसे पाठवा, पेटी पाठवतो.)

मुक्ता_अ
माझं मत बदललेलं नाही. पण इथे मर्दुमकीच्या गप्पा होतील असं वाटलं होतं, त्याऐवजी ओल, चामडं आणि करंगळी यांवर चर्चा झाली. ताई, एक विनंती. त्या वाटेने एकटीने जाऊ नका. बँकेचा दिवस आणि वेळ दर आठवड्याला बदला, आणि सोबत कोणीतरी असू द्या.

रानमोगरा
मुक्ता, हे आजपासूनच. चुलतदीर बरोबर येतो म्हणालाय.

मूळ प्रश्नाकडे. हलकं मॉडेल घेत नाही. वडिलांचंच ठेवते, वजनदार आहे तेच बरं. हिरवी काडतुसं पावतीसह परत करून नवा डबा घेईन, डब्यावरचं वाचून. पर्समध्ये न ठेवता कमरेच्या बंद कव्हरमध्ये नेईन. आता प्रश्न मुठीचा. जुन्या घडणीला रबरी मूठ तयार मिळत नाही असं दुकानदार म्हणाला. कुडाळ-सावंतवाडीकडे कोणी लाकडी करून देईल का?

दर्याकिनारी
सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांचा हात अशा कामाला उत्तम. पण रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. तुमच्या हाताचं माप आणि जुन्या मुठीची फळी, एवढंच न्या. दोन्ही फळ्या स्क्रू काढला की सुटतात, नाही जमलं तर परवानाधारक दुरुस्ती दुकानातून काढून घ्या. मूठ मागे भरदार करून घ्या, म्हणजे झटका तळहातभर पसरेल. खाली करंगळीपुरती लांबी वाढवा. चकाकी पॉलिश नको, घामट हातात सटकतं.

नेमबाज_दापोली
आणि ताई, मूठ झाली की वरळीच्या रेंजवर चौकशी करा, सरावासाठी परवानगीची रीत ते सांगतील. सुरुवातीला नुसती डमी काडतुसं घालून घरच्या घरी चाप ओढण्याचा सराव करा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. डाव्या हाताने उजव्या मुठीला खालून आधार द्या, अंगठा घोड्यावर ताणू नका. जवळच्या अंतरावर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या की अंतर वाढवा. अंगठा दुखायला लागला की त्या दिवशी तिथेच थांबायचं, ओढून नेलेल्या सरावाने धसका परत येतो.

वकीलबाई_अलिबाग
वरळीला नेताना परवान्याचं क्षेत्र तपासा. जिल्ह्यापुरता असेल तर रत्नागिरी सोडण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातून क्षेत्र वाढवून घ्या किंवा प्रवासाची परवानगी घ्या. आणि निवडणूक जाहीर झाली तर आधी ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा आदेश आलाय का ते बघा.

रानमोगरा
परवाना जिल्ह्यापुरताच आहे. सोमवारी अर्ज देते. फळीचं माप कागदावर काढून ठेवलंय, काका, फोटो व्यक्तिगत निरोपाने पाठवते, जाडी बरोबर वाटते का सांगा.